मिरास आणि वाटेकरी

एखादी गोड वस्तू आपल्याच घरी मिळते, शेजारी मिळत नाही, या जाणिवेत मनुष्याला एक निराळेच सुख असते. पुढे ती शेजारीही मिळू लागली तर आपल्या पानातले काही कमी होत नाही. तरी मन खट्टू होते. हे खट्टू होणे हसण्यावारी नेण्याची आपली रीत आहे. परंतु इतिहास चाळला तर राजांनी, पंडितांनी, गवयांनी आणि त्यांच्या श्रोत्यांनी या एका भावनेपायी पुष्कळ घडविले आणि पुष्कळ गमावलेही, असे दिसून येते.

आजच्या तरुणांतले एक उदाहरण घेऊ. अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००१ साली एक्सबॉक्स या आपल्या यंत्राबरोबर ‘हेलो’ नावाचा व्हिडिओ गेम विक्रीस आणला. त्याची पुढे मालिका झाली. पण सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन या प्रतिस्पर्धी यंत्रावर ती वीस वर्षांहून अधिक काळ गेली नाही. २०२५ साली, आता हा खेळ तेथेही येणार, असे जाहीर झाले, तेव्हा कित्येकांना आनंद झाला. जुन्या भक्तांपैकी काही मात्र संतापले. ‘मग आम्ही हेच यंत्र इतकी वर्षे का धरून बसलो?’ असा त्यांचा सवाल होता. खेळ जसाच्या तसा त्यांच्यापाशी होता. गेले होते ते इतकेच, की तो दुसऱ्यापाशी नाही, हे समाधान.

हा सवाल नवा नाही. माळव्यात धार आणि देवास ही दोन गावे अशी आहेत, की तेथे तो सुमारे आठशे वर्षांच्या अंतराने दोन वेळा उभा राहिला; एकदा शास्त्राच्या बाबतीत आणि एकदा गायनाच्या.

धार ही परमार राजा भोजाची नगरी. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात भोजाने तेथे राज्य केले. वास्तुशास्त्रावरील ‘समरांगणसूत्रधार’, साहित्यशास्त्रावरील ‘शृंगारप्रकाश’ आणि ‘सरस्वतीकंठाभरण’ नावाचे व्याकरण असे अनेक ग्रंथ त्याच्या नावावर आहेत. शेजारच्या गुजरातेत अणहिलपाटण येथे चौलुक्यांचे राज्य होते, आणि या दोन घराण्यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे. भोजानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी चौलुक्य राजा सिद्धराज जयसिंह याने माळवा जिंकला आणि परमार राजा यशोवर्मा याला बंदिवान केले. लुटीबरोबर माळव्यातील ग्रंथही पाटणला गेले.

पुढची हकीकत तेराव्या शतकातील ‘प्रभावकचरित’ या जैन ग्रंथात आहे. आणलेली पुस्तके राजाला दाखविली जात असता त्यांत भोजाचे व्याकरण निघाले. ज्याला रणांगणात हरविले त्याच्या पूर्वजाचा ग्रंथ विद्येच्या दरबारात मानाने मिरवतो आहे, हे पाहून सिद्धराजाने विचारले, की आपल्या भांडारात असे शास्त्र का नाही? सभेतील साऱ्यांचे डोळे आचार्य हेमचंद्रांकडे वळले. आचार्यांनी काश्मीरहून जुनी व्याकरणे मागवून घेतली आणि ‘सिद्धहेमशब्दानुशासन’ रचले. राजाने तीनशे लेखनिक बसवून त्याच्या प्रती करविल्या आणि देशोदेशी धाडल्या, असे तो ग्रंथ सांगतो.

या हकीकतीत मनुष्यस्वभावाचा एक बारकावा आहे. प्रतिस्पर्ध्याची वस्तू आयती हाती आली तरी सिद्धराजाला तेवढ्याने समाधान झाले नाही. तिच्यावर दुसऱ्याचा शिक्का होता, हे त्याला खुपले. मात्र त्या खुपण्यातून जे निपजले ते उत्तम निपजले. हेमचंद्रांच्या आठव्या अध्यायात प्राकृत आणि अपभ्रंश भाषांचे व्याकरण आहे, आणि आपल्या देशी भाषांचा इतिहास शोधणाऱ्या कोणासही त्या अध्यायाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. माळव्याचा ग्रंथ पाटणला न जाता, तर हा अध्याय कदाचित लिहिलाच गेला नसता.

धारकरांच्या बाजूनेही उत्तर आले, ते तेराव्या शतकाच्या आरंभी. परमार राजा अर्जुनवर्मा याच्या गुरूने, मदन कवीने, ‘पारिजातमंजरी’ नावाची नाटिका रचली. तिच्यात अर्जुनवर्मा गुजरातच्या राजाला जिंकतो, तोच पारिजाताचा एक घोस त्याच्या छातीवर पडतो आणि त्याची एक सुंदर कन्या होते. ही कन्या म्हणजे पुन्हा जन्माला आलेली चौलुक्य राजकन्याच! एके काळी आमचे ग्रंथ तुम्ही नेलेत, आता तुमची राजश्री आमच्या घरी आली, असा या कल्पनेचा ध्वनी आम्हांस ऐकू येतो.

ही नाटिका धारमध्ये शिळांवर कोरविली होती. १९०३ साली धार संस्थानच्या शिक्षण खात्यातील काशिनाथ कृष्ण लेले यांना तिची एक शिळा सापडली. नाटिकेचे अंक चार; शिळेवर मिळाले ते पहिले दोन. उरलेले दोन ज्या दुसऱ्या शिळेवर असावेत ती हाती लागलेली नाही. आता याच्याशेजारी भोजाच्या ग्रंथांचे काय झाले, ते ठेवून पाहावे. त्याचे व्याकरण आपल्याला मिळाले ते दक्षिणेतून. मद्रास आणि त्रिवेंद्रम येथून ते छापले गेले. ‘शृंगारप्रकाशा’ची हस्तलिखितेही दक्षिणेतच सापडली आणि त्यांवर व्ही. राघवन यांनी आपले नामांकित संशोधन केले. ‘समरांगणसूत्रधार’ छापून आला तो बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत, म्हणजे चौलुक्यांच्या त्या गुजरातेत! घरच्या दगडावर जे कोरले ते निम्मे गेले. परक्यांनी ताडपत्रांवर उतरून नेले ते टिकले.

आता धारहून देवासला येऊ. अठराव्या शतकात पवार सरदार बाजीरावांबरोबर माळव्यात आले. धारला त्यांची एक शाखा स्थिरावली आणि देवासला तुकोजी व जिवाजी या दोघा भावांच्या दोन पात्या झाल्या. थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच लहानशा गावात दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार! १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन होईपर्यंत हा संसार चालला. अशा संस्थानांनीच गवयांना पोसले. देवासचे रजबअलीखाँ त्यांपैकी एक. थोर बीनकार बंदेअलीखाँ यांचे ते शिष्य. १९५४ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी तो गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांना मिळाला होता.

त्या काळी गवयाची विद्या ही मिरास होती. कुणब्याला जमीन तशी गवयाला चीज. गंडा बांधल्यावाचून ती मिळत नसे, आणि मिळाली तरी अस्ताई एकाला, अंतरा दुसऱ्याला, अशी हातचे राखून. केसरबाईंनी १९२१ पासून अल्लादियाखाँसाहेबांची तालीम घेतली ती कडक अटींवर आणि मोठ्या खर्चाने. पुढे त्यांनीही आपली विद्या जपली. धोंडूताई कुलकर्णी या एकाच शिष्येला ती दिली. याला कोणी कृपणपणा म्हणोत. आम्ही म्हणणार नाही. देवळाच्या चौकात जिचे गाणे ऐकावयास सारा गाव येई, पण जिला पंक्तीचे पान कोणी मांडीत नसे, त्या कलावंत घराण्यांतील स्त्रीला विद्या हीच इनाम, हीच इभ्रत आणि हाच उतारवयाचा आधार होता. ती सर्वांना वाटावी, असा उपदेश पोट भरलेल्यांनी करणे सोपे आहे.

या मिरासीच्या कुंपणाला पहिले मोठे खिंडार पाडले ते एका वकिलानेच. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १८८७ साली कायद्याची पदवी घेतली आणि काही काळ वकिली केली. नंतर देशभर हिंडून घराणेदार उस्तादांकडून चिजा मिळविल्या, स्वरलिपीत बसविल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत छापून टाकल्या. अठराशेहून अधिक चिजा, आणि त्याही मराठी पुस्तकांत, अल्प किमतीत! उस्तादांपैकी काहींनी उदार मनाने दिले. काहींना हा आपल्या घरावर दरोडा वाटला. त्यांच्या चाहत्यांचा आक्षेप याहून निराळा होता. पुस्तकातून गाणे येत नसते, असे ते म्हणत. हे खरेच आहे. पण त्यांना खरे दुःख होते ते वेगळेच. जी चीज ऐकावयास आम्ही रात्री जागविल्या, हांजी हांजी केली, ती आता शाळेतले पोर वहीत पाहून म्हणणार!

१९४८ च्या आरंभी क्षयाने जर्जर झालेले कुमार गंधर्व कोरड्या हवेसाठी देवासला राहावयास आले. मूळचे ते बेळगावजवळच्या सुळेभावीचे, आणि मुंबईस प्रा. बी. आर. देवधर यांचे शिष्य. देवधरमास्तरांनी अनेक घराण्यांचे उस्ताद जवळ केले होते. आपल्या शिष्याला त्यांनी कोणत्याही एका कुंपणात कोंडले नाही. देवासला आजारात गाणे बंद असता कुमारांच्या कानी माळव्यातील बायकांची गीते पडली. शीलनाथ महाराजांच्या धुनीवरील नाथपंथी भजने पडली. पुन्हा गाऊ लागल्यावर त्यांनी त्या लोकधुनांतून नवे राग घडविले, आणि अंगणातले व धुनीवरचे गाणे महानगरांतील मैफलीत आणून बसविले. १९६५ साली ‘अनूपरागविलास’ या पुस्तकात आपल्या बंदिशी त्यांनी स्वरलिपीसह छापल्या. ज्याला हव्या त्याने घ्याव्या. ज्या गावी रजबअलीखाँ १९५९ पर्यंत हयात होते, त्याच गावी हे घडले.

जाणकार म्हणविणाऱ्यांनी विचारले, ‘यांचे घराणे कोणते?’ किशोरी आमोणकर यांनी जयपूर घराण्याच्या गायकीत इतर घराण्यांचा भाव मिसळला तेव्हाही त्या घराण्याचे निष्ठावंत असेच कुरकुरले. वस्तुतः ज्या गायकीच्या शुद्धतेसाठी ही कुरकुर, ती अल्लादियाखाँसाहेबांनी आवाज बिघडल्यावर नव्याने घडविलेली, म्हणजे स्वतःच एका काळची नवलाई!

आता या तक्रारीचा निवाडा कसा करावा? वकिलीच्या सवयीने आम्ही प्रथम वादी कोण, ते पाहतो. बंदिशीचा कर्ता हा एक वादी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने त्याचा हक्क मानला आहे, आणि १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्यालाही आपल्या सादरीकरणावर हक्क दिला. घराणे हा दुसरा वादी. रागावर किंवा गायकीच्या ढंगावर त्याला कायद्याने मालकी मिळत नाही. तरी ज्यांच्या पिढ्यांनी ती विद्या पोसली त्यांना मान, नाव आणि मोबदला द्यावा, ही नीती आहे. तिसरा वादी म्हणजे निष्ठावंत चाहता. त्याच्यापाशी ना सनद, ना खरेदीखत. तो फक्त म्हणतो, की मी इतरांचे सोडून हेच धरले, माझी वर्षे आणि पैसा यात घातला.

न्यायालय त्याचा दावा पहिल्याच तारखेस काढून टाकील; आम्ही मात्र त्याला थोडा वेळ उभा राहू देऊ. कारण असे एकनिष्ठ लोक नसते तर रजबअलीखाँसाहेबांना आणि केसरबाईंना पडत्या काळात ऐकणारे कोण होते? सर्वांची झालेली वस्तू पुष्कळदा कोणाचीच राहत नाही, हे भयही खोटे नाही. पण त्याची मागणी तपासली म्हणजे दिसते, की त्याचे स्वतःचे काहीच हिरावलेले नाही. त्याला हवी आहे ती दुसऱ्याची वंचना. आपल्या निष्ठेची किंमत दुसऱ्याच्या रित्या ताटावरून मोजावयाची, हे माप खोटे आहे. निष्ठेचे फळ त्याला केव्हाच मिळून गेले. ज्या रात्री तो जागला त्या रात्रीच मिळाले.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अंतराळात सोडली. त्यांतील ध्वनिमुद्रिकेवर हिंदुस्थानचे म्हणून एकच गाणे आहे, केसरबाईंची भैरवी. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्या निवर्तल्या. जिने आपली विद्या एकाच शिष्येच्या ओटीत घातली, तिचा सूर आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे गेला आहे. यामुळे केरीच्या देवळातला तिचा वारसा कोणी लहान झाला म्हणेल काय?

देवासला दोन्ही पात्यांचे राजवाडे आहेत, त्यांचे राज्य नाही. गावाबाहेरच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा या दोघी देवी आहेत. दोन दरबारांनी गावातले रस्ते वाटून घेतले, वसूल वाटून घेतला. पण टेकडी चढणारा थोरल्या पातीचा की धाकट्या, हे देवीने कधी विचारले नाही. दर्शनाला गर्दी वाढली म्हणून जुना भक्त देवीवर रुसत नाही. पुढच्याला वाट करून देतो. विद्येच्या बाबतीत आपणांस एवढेच शिकावयाचे आहे.