ब्रासेरो योजना
मेक्सिकन मजुरांना ठरावीक मुदतीच्या करारावर अमेरिकेच्या शेतांत आणणारी योजना (१९४२–६४). स्पॅनिशमध्ये ‘ब्रासो’ म्हणजे बाहू. ब्रासेरो म्हणजे हातांनी राबणारा. दुसऱ्या महायुद्धात मजूर कमी पडू लागल्याने दोन्ही सरकारांनी ती आखली. २२ वर्षांत सुमारे ४६ लाख करारनामे झाले. भरती केंद्रांवर मजुरांचे तळहात तपासत; घट्टे असलेला पसंत पडे. सीमेवर अंगावर डीडीटीची भुकटी फवारत. कॅलिफोर्नियात लेट्यूसची विरळणी आखूड दांड्याच्या कुदळीने, दिवसभर कमरेत वाकून करावी लागे. ती कुदळ तिथे १९७५ मध्ये बंद झाली. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतून बचतीपोटी कापलेले १० टक्के अनेकांच्या हाती कधीच आले नाहीत. ज्यांच्या कष्टाळूपणाची मालक वाखाणणी करत, त्यांच्याच घामाची ही कमाई होती.

मागणीच्या मानाने करार कमी पडत. त्यामुळे कागदपत्रांविना येणारेही वाढले. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सरकारने त्यांची मोठी धरपकड केली. मालकांना मात्र हात लागला नाही. बेकायदा स्थलांतराच्या वादातला हा पक्षपात फार जुना आहे. अशा मजुरांना जाणूनबुजून कामावर ठेवणे देशभर बेकायदा ठरले ते १९८६ च्या कायद्याने. त्याच कायद्याखाली सुमारे २७ लाख लोकांना अधिकृत वास्तव्यही मिळाले.