पाब्लो कासाल्स : वादन आणि मौन



चेलो हें वाद्य व्हायोलिनच्याच कुळांतलें. परंतु आकारानें पुष्कळ मोठें आणि आवाजानें खर्जाचें. वादक खुर्चीवर बसून तें दोन्ही गुडघ्यांमध्यें धरतो व गजानें वाजवितो. विसाव्या शतकांत या वाद्याची योग्यता ज्यांनीं जगाच्या नजरेस आणून दिली, त्या पाब्लो कासाल्स यांच्याविषयीं आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

त्यांचा जन्म २९ डिसेंबर १८७६ रोजीं स्पेनमधील कातालोनिया प्रांतांत एल व्हेंड्रेल गावीं झाला. वडील चर्चमध्यें ऑर्गन वाजवीत. संगीताचे पहिले धडे त्यांनींच दिले. अकराव्या वर्षीं मुलानें चेलो प्रथम ऐकला आणि त्याचें मन त्यावरच जडलें.

त्या काळीं चेलो शिकणाऱ्यास उजव्या काखेंत पुस्तक धरावयास लावीत. हेतु हा कीं, कोपर अंगापासून सुटूं नये. आम्हां शाळामास्तरांना ही शिस्त परकी वाटूं नये! कासाल्सनीं विद्यार्थिदशेंतच हें बंधन झुगारलें. हात मोकळा होतांच गजास लांब पल्ला मिळाला. डाव्या हाताचीं बोटें ताणून स्वर घेण्याची त्यांची रीत अशी कीं, ऊठसूट सबंध हात तारेवरून घसरत नेण्याचें कारण उरेना.

१८९० सालीं बार्सिलोनांतील एका जुन्या वह्यांच्या दुकानांत या तेरा वर्षांच्या मुलास एक पुस्तक सांपडलें. त्यांत बाख या जर्मन संगीतकारानें एकट्या चेलोसाठीं रचलेल्या सहा ‘सुइट’ होत्या. म्हणजे नृत्याच्या चालींवर बांधलेल्या गतींच्या मालिका. लोक त्यांस कोरडा सराव समजत. सबंध मालिका मैफलींत सहसा कोणी वाजवीत नसे. कासाल्सनीं त्यांचा नित्य अभ्यास मांडला, आणि सुमारें बारा वर्षें लोटल्यावरच त्यांतील एक सबंध मालिका लोकांपुढें वाजविली. बारा वर्षांस आपण तप म्हणतों, तें उगाच नव्हे. पुढें १९३६ ते १९३९ या काळांत त्या सहाहि मालिका त्यांनीं ध्वनिमुद्रित केल्या.

१८ जुलै १९३६ ची संध्याकाळ. बार्सिलोनांत बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीची तालीम चालली असतां निरोप आला : सैन्याचें बंड येऊन ठेपलें आहे, सर्वांनीं घरीं जावें. कासाल्सनीं सोबत्यांस विचारलें, आणि सर्वांनीं शेवटचा भाग पुरा करूनच एकमेकांचा निरोप घेतला. यादवी युद्धांत फ्रँकोचा जय झाला. १९३९ पासून कासाल्स फ्रान्सच्या सरहद्दीवरील प्राद गावीं राहिले, व छावण्यांतील निर्वासित देशबांधवांस मदत पोंचवूं लागले.

१९४५ सालीं महायुद्ध संपलें. परंतु दोस्तराष्ट्रांनीं फ्रँकोस हात लावला नाहीं. तेव्हां, फ्रँकोच्या सत्तेस मान्यता देणाऱ्या देशांत मैफल करावयाची नाहीं, असें या कलावंतानें ठरविलें. जग ऐकावयास उत्सुक असतां आपण होऊन आपलें वाद्य बंद करणें, हा त्याग लहान नव्हे. अखेर १९५० सालीं, बाखच्या मृत्यूस दोनशें वर्षें झालीं त्या निमित्तानें, देशोदेशींचे वादकच प्रादला आले, आणि तेथें त्यांचा चेलो पुन्हां बोलला.

१९६१ सालीं अमेरिकेच्या व्हाइट हाउसमध्यें केनेडी यांच्यापुढें त्यांनीं वादन केलें. अमेरिका फ्रँकोस मानीत असे. तेव्हां नियम ढळला, असें कोणी म्हणेल. म्हणो बापडा. केनेडींविषयीं वाटणाऱ्या आदरापोटीं त्यांनीं हा अपवाद केला. स्पेनमध्यें मात्र ते फ्रँकोच्या राज्यांत अखेरपर्यंत एकदांहि वाजविण्यास गेले नाहींत.

२२ ऑक्टोबर १९७३ रोजीं पोर्तो रिको बेटावर त्यांचें देहावसान झालें. दोन वर्षांनीं फ्रँकोहि गेला. आणि १९७९ सालीं कासाल्सचे अवशेष एल व्हेंड्रेलच्या मातींत परत आले.