तटाबाहेरची सुरत
1664 मध्ये शिवछत्रपतींनी सुरतेवर स्वारी केली. त्यानंतर मोगलांनी शहराभोवती विटांचा तट उभारला. तटाआतील गल्ल्या अरुंद खऱ्या, परंतु एकमेकींस मिळालेल्या होत्या. पुढे शहर तटाबाहेर पसरले. 1900 च्या सुमारास ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने खानदेश उधन्याशी जोडला. कालांतराने पांडेसऱ्यात औद्योगिक वसाहत झाली आणि आपली माणसे येथे स्थिरावली. 2006 मध्ये महानगरपालिकेचे क्षेत्र सुमारे 112 वरून 326 चौरस किलोमीटर झाले.

तथापि हद्द वाढल्याने शहर जोडले जातेच असे नाही. गिरणीच्या दाराशी संपणारा रस्ता माल वाहतो. शेजार जुळवतो तो आडवा रस्ता. 1976 च्या गुजरात नगररचना कायद्यानुसार जमिनी एकत्र करून, त्यांतून रस्त्यांचा हिस्सा काढून, उरलेले भूखंड मूळ मालकांस नव्या आखणीने परत देता येतात. मात्र वस्ती आधी आणि आखणी मागाहून झाली, तर तोच रस्ता घरांवरून न्यावा लागतो.

म्हणून आडवी गल्ली भिंत घालून बंद करण्याआधी आपण विचार करावा. जुना तट परचक्रासाठी होता. ही भिंत आपल्याच शेजाऱ्याला अडवते.