कॅबिनेट : नुसता पत्र्याचा डबा?

मंडळी, घरी पीसी जुळवायचा म्हटलं की गप्पा रंगतात त्या प्रोसेसर आणि रॅमच्या. कॅबिनेटकडे (इथे अमेरिकेत त्याला 'केस' म्हणतात) शेवटी उरलेल्या पैशांत बघायचं! पण मला विचाराल तर घरात सगळ्यात जास्त टिकतं ते कॅबिनेटच.

त्याचं कारण जुनं आहे. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीची मापं इतर कंपन्यांनीही उचलली. त्यात मदरबोर्डला विजेचे दोन प्लग शेजारी-शेजारी लागत. दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध आल्या नाहीत, तर बोर्ड जळायची भीती. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स आणलं. ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा बोर्ड, स्क्रूच्या भोकांच्या जागा ठरलेल्या आणि उलटा बसूच न शकणारा एकच प्लग. पुढे पेंटियम ४ भलताच तापू लागला, तेव्हा इंटेलनेच २००४ च्या सुमारास हवा खेळवणारं बीटीएक्स काढलं. पण थंड डोक्याचे कोअर २ प्रोसेसर आले आणि २००६ मध्ये ते गुंडाळावं लागलं. भोकं राहिली १९९५ चीच!

म्हणजे जुन्या कॅबिनेटमध्ये आजचा एटीएक्स बोर्डही बसतो. अडतं ते लांबलचक ग्राफिक्स कार्ड, उंच कूलर आणि समोरून हवेला वाट नसणं. म्हणून मी आधी टेप काढतो, मग पाकीट. एवढं जमत असेल तर जुना डबा भंगारात कशाला द्यायचा? नवा घेतानाही हेच तपासा. रंगीत दिव्यांनी काही प्रोसेसर थंड होत नाही.