दार एक झाले, पण…

म्हाताऱ्या माणसाचे मोडलेले हाड आम्ही डॉक्टर जुळवतो. पण घरी गेल्यावर त्याला आंघोळ कोण घालणार, हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही. इंग्लंडमध्ये ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांची. १९७१ पूर्वी तिथे मुलांसाठी एक खाते, वृद्ध-अपंगांसाठी दुसरे, आणि मानसिक रुग्णांची घरची काळजी आरोग्य खात्याकडे. एकाच घरात तिन्ही अडचणी असल्या, तर तीन खात्यांची माणसे तीन वेळा येत.

सीबोम समितीने १९६८ मध्ये सुचवले, की कुटुंबासाठी दार एकच असावे. १९७० च्या कायद्याने समाजसेवा संचालक नेमणे बंधनकारक झाले आणि एप्रिल १९७१ पासून एकत्रित विभाग सुरू झाले.

पण जानेवारी १९७३ मध्ये ब्रायटनला सात वर्षांची मारिया कोलवेल सावत्र वडिलांच्या मारहाणीत मरण पावली. शेजाऱ्यांनी, शिक्षकांनी आधीच सूचना दिल्या होत्या. चौकशीत दिसले, की माहितीचे तुकडे अनेकांकडे होते. ते जोडले कोणीच नाहीत. त्यानंतर धोक्यातील मुलांची नोंदवही आणि डॉक्टर, पोलीस, शाळा, समाजसेवक यांच्या एकत्र बैठका रूढ झाल्या.

म्हणजे खाती एकत्र करणे सोपे. माणसांनी एकमेकांना सांगणे अवघड. मुलाच्या अंगावरचा वळ आणि सांगितलेले कारण जुळत नसेल, तर केसपेपरवर लिहून थांबू नका. आपल्याकडे १०९८ हा क्रमांक त्यासाठीच आहे.