जुन्या घाटाचा काळा चष्मा

वेषभूषेच्या इतिहासांत एक चमत्कार वारंवार दृष्टीस पडतो. एखादी वस्तु जुनी झाली म्हणजे प्रथम ती हास्यास्पद होते, मग विस्मृतींत जाते, आणि एक-दोन पिढ्या लोटल्या कीं केवळ जुनी आहे याच गुणावर ती पुन्हां बाजारांत मानाने येऊन बसते. काळ्या चष्म्याचें सध्यां असेंच झालें आहे. मोठ्या शहरांची गोष्ट बाजूस ठेवूं. पारनेरसारख्या तालुक्याच्या गांवींहि चष्म्याच्या दुकानांत शिरलेला तरुण आज वाटोळ्या काचांचा, जाड काळ्या चौकटीचा, किंवा बारीक तारेच्या चौकटींत आंसवाच्या थेंबासारख्या काचा बसविलेला चष्मा मागतो. तो त्याला यात्रेपुरता किंवा वरातीपुरता नको असतो. रोज घालावयास हवा असतो. दुकानदार या घाटाला 'रेट्रो' म्हणतो. येथें इतिहासाच्या अभ्यासकाला सहजच प्रश्न पडतो कीं, हें जुनें कोणाचें जुनें? आणि हा जुना घाट विकत घेतांना आपण नेमकें काय घरीं आणतों?

सेनापति बापटांचें जन्मगांव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेलें पारनेर सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेच्या मुलखांत वसलें आहे. पाऊस बेताचा, झाडी विरळ आणि माळ उघडे. ढवळपुरीकडील मेंढपाळ, कांद्याच्या आणि वाटाण्याच्या रानांत खुरपणाऱ्या बाया, विहिरीच्या कामावरचे गडी, यांचा सारा दिवस उन्हांतच जातो. अशा प्रदेशांत उन्हापासून डोळे राखण्याची विद्या पूर्वापार असणारच. परंतु तिच्यांत काचेला स्थान नव्हतें. पुरुषांचें मुंडासें कपाळावर पुढें ओढलेलें असे, बायांचा पदर भुंवयांपर्यंत उतरलेला असे, आणि दूरचें पाहावयाचें झाल्यास तळहात आडवा धरून डोळ्यांवर सावली केली जाई. आमच्या मुलखांतील खरा जुना घाट शोधावयाचा तर तो हाच.

काळ्या काचेशीं आमच्या घरांचा संबंध येई तो वर्षांनुवर्षांनीं एखाद्या वेळीं, सूर्यग्रहणाच्या दिवशीं. फुटक्या तावदानाचा तुकडा दिव्याच्या ज्योतीवर धरून त्यावर काजळी चढवावयाची आणि तींतून सूर्यबिंब पाहावयाचें, ही रीत घरोघर होती. २२ जानेवारी १८९८ रोजीं खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. त्या वेळीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील प्राध्यापक कावसजी नायगांववाला यांनीं, तसेंच अमेरिकेंतील लिक वेधशाळेच्या पथकानें, आपापलीं यंत्रें मांडलीं होतीं. काजळीची काच सूर्य पाहण्यास सुरक्षित नाहीं, हें आज आपणांस ठाऊक आहे. काच काळी असली म्हणजे ती रक्षकहि असते, हा समज मात्र त्या काजळीच्या काचेबरोबर गेला नाहीं. तो पुढें चष्म्यांत उतरला.

चष्मा म्हणून जी वस्तु आपण ओळखतों ती आमच्याकडे अगदीं वेगळ्या वाटेनें आली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनीं हिंदुस्थानांतील चष्म्याच्या इतिहासावर परिश्रमपूर्वक लिहिलें आहे. विजयनगरचे व्यासराय हे १५३९ सालीं निवर्तले. पोथी वाचतांना त्यांच्या डोळ्यांवर चष्मा असे, या अर्थाचा उल्लेख त्यांच्या संस्कृत चरित्रांत सांपडतो, याकडे गोडे यांनीं लक्ष वेधलें. म्हणजे युरोपियन व्यापाऱ्यांचीं गलबतें या किनाऱ्याला लागून फार वर्षें झालीं नव्हतीं, तोंच ही वस्तु ग्रंथ वाचणाऱ्यांच्या हातीं आली. मराठीनें तिला दिलेलीं नांवें पाहण्यासारखीं आहेत. 'उपनेत्र' हा पंडितांचा शब्द. 'चष्मा' हा फारशींतील डोळ्याच्या नांवावरून आलेला. आणि 'चाळिशी' हा तर चाळीस वर्षांच्या वयाचा दाखलाच. तिन्ही नांवें वाचनाशीं, विद्वत्तेशीं किंवा वयाशीं निगडित आहेत. उन्हाशीं त्यांतील एकाचाहि संबंध नाहीं. स्वच्छ काचेच्या चष्म्याला आमच्या समाजांत पहिल्यापासून प्रतिष्ठा मिळाली, ती यामुळें.

रंगीत काचेचा वंश निराळा आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांनीं हाडाच्या किंवा लांकडाच्या पट्टीला बारीक चीर पाडून बर्फाच्या चकाकीपासून डोळे राखले. त्यांत काच नव्हतीच. चीनमध्यें धुरकट स्फटिकाचे चपटे तुकडे डोळ्यांवर लावीत, आणि न्यायाधीश आपल्या मुद्रेवरील भाव लपविण्यासाठीं ते वापरीत, असें सांगतात. अठराव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या जेम्स ॲस्कॉफ या चष्मेवाल्यानें पांढऱ्या काचेऐवजीं निळसर किंवा हिरवट काच वापरावी असा पुरस्कार केला. त्याचा रोख मात्र उन्हापेक्षां दृष्टीच्या आरामावर होता. रक्षण, आराम आणि लपणें, हे तीन निरनिराळे हेतु येथें आरंभापासूनच एकत्र आलेले दिसतात, आणि पुढील सारा घोंटाळा त्यांची गल्लत झाल्यानेंच उत्पन्न झाला आहे.

ही गल्लत शास्त्रानें सोडविली ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत. सूर्यप्रकाशांत डोळ्यांना न दिसणारे अतिनील किंवा जंबुपार किरण असतात, हें योहान रिटर यानें १८०१ सालींच दाखविलें होतें. भट्टीपुढें काम करणाऱ्या कांच-कारागिरांना अकालीं मोतीबिंदु होतो, त्यावर उपाय शोधण्याचें काम इंग्लंडांतील रॉयल सोसायटीच्या समितीकरितां सर विल्यम क्रुक्स यांनीं अंगावर घेतलें. कांचेंत निरनिराळीं द्रव्यें मिसळून त्यांनीं अनेक नमुने तयार केले आणि १९१३ सालीं आपले निष्कर्ष मांडले. सीरियमसारख्या धातूचा अंश कांचेंत असला तर ती अतिनील किरण अडविते, आणि तरीहि फारशी काळी असावी लागत नाहीं, असें त्यांत निष्पन्न झालें. 'क्रुक्स'ची काच हें नांव आमच्याकडील चष्म्याच्या दुकानांतहि पुढें रूढ झालें. काळेपणा आणि रक्षण हे दोन वेगळे गुण आहेत, हा सिद्धान्त तेव्हांपासून प्रस्थापित आहे. बाजाराला मात्र तो अजून पटलेला नाहीं.

बाजाराचा कल दुसरीकडे होता. बोलपटांच्या आधींपासून अमेरिकेंतील चित्रपटगृहांच्या कलागारांत प्रखर विद्युद्दीपांनीं नटनट्यांचे डोळे लाल होत. कामाबाहेर ते काळे चष्मे घालीत, आणि तीं छायाचित्रें जगभर जात. १९२९ सालीं सॅम फॉस्टर यानें अटलांटिक सिटीच्या समुद्रकिनाऱ्यावर स्वस्त काळे चष्मे विकावयास आरंभ केला. बॉश अँड लाँब या कंपनीनें वैमानिकांसाठीं जो तारेचा चष्मा तयार केला तो १९३७ सालीं बाजारांत आला. विमानांतील यंत्रांकडे खालीं पाहतांनाहि डोळा झांकला जावा म्हणून त्याच्या काचा खालीं ओघळल्यासारख्या होत्या. १९४४ सालीं सेनापति मॅकार्थर फिलिपाइन्सच्या किनाऱ्यावर पाण्यांतून चालत उतरले, त्या प्रसिद्ध छायाचित्रांत त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा आहे. जाड चौकटीचा 'वेफेअरर' हा घाट १९५२ सालचा. पारनेरच्या दुकानांत ज्याला जुनें म्हणतात तें सारें या पंचवीस वर्षांतलें, आणि तेंहि परक्या भूमीवरचें. यांत लाज वाटण्याचें कारण नाहीं. ज्या चाळिशीला आपण घरची समजतों तीहि एके काळीं परकीच होती.

आमच्याकडे या वस्तूचें जें झालें तें मात्र आमचें स्वतःचें आहे, आणि तेंच विचार करण्यासारखें आहे. ग्रामीण महाराष्ट्रांत काळा चष्मा प्रथम दिसला तो आजाऱ्याच्या डोळ्यांवर. १९७६ सालीं राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्या काळांत तालुक्याच्या ठिकाणीं मोतीबिंदूचीं शिबिरें भरत, आणि शस्त्रक्रिया झालेलीं वृद्ध माणसें डोळ्यांवर हिरवी पट्टी किंवा काळा चष्मा लावून ओळीनें बसलेलीं दिसत. निरोग्यानें तो घालणें म्हणजे अपशकुनच. दुसऱ्या बाजूनें तो आला मुंबईहून. पारनेर तालुक्यांतील पुष्कळ घरें पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या रोजगारावर जगलीं. निघोजच्या मळगंगेच्या किंवा कोरठणच्या खंडोबाच्या यात्रेला गांवीं आलेला मुंबईकर डोळ्यांवर 'गॉगल' चढवून फिरे, आणि यात्रेंतील फोटोवाला रंगविलेल्या पडद्यापुढें उभ्या राहणाऱ्याला असाच एक चष्मा घटकाभर उसना देई. इंग्रजींत हा शब्द घट्ट बसणाऱ्या संरक्षक उपनेत्रांस लावितात. आम्हीं शब्द तेवढा उचलला आणि त्यांतील संरक्षण वगळलें.

अशा रीतीनें काळ्या चष्म्याला दोनच अर्थ उरले, रोग आणि मिजास. वडीलधाऱ्यांपुढें कोणी तो घालून उभा राहिला तर "आधीं तो गॉगल काढ, मग बोल" असें त्याला ऐकावें लागे. बोलणाऱ्याचे डोळे दिसले पाहिजेत ही अपेक्षा रास्तच आहे. पण तिचा परिणाम असा झाला कीं, ज्याला या वस्तूची सर्वांत अधिक गरज त्यालाच ती वर्ज्य ठरली. रानांत खुरपणाऱ्या बाईनें किंवा मेंढरांमागें चालणाऱ्या गड्यानें काळा चष्मा लावला तर सारें शिवार हंसेल. वर्षानुवर्षें उन्हांत काढलेल्या डोळ्यांना मोतीबिंदु लवकर गांठतो, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर मांस वाढूं लागतें, हें नेत्रवैद्य सांगतात. सावलींत बसणारा मनुष्य शोभेसाठीं चष्मा घालतो, आणि उन्हांत राबणारा हंशाच्या भीतीनें डोळे मिचकावीत राहतो. एका वस्तूच्या इतिहासानें एका समाजाचे डोळे असे विभागले आहेत.

म्हणून जुन्या घाटाची सध्यांची आवड आम्हांस स्वागतार्ह वाटते. रोज घालावयाची वस्तु झाली कीं मिजाशीचा वास आपोआप उडतो. आज सुप्याच्या कारखान्यांत मोटारसायकलीवरून जाणारा तरुण, डोक्याला ओढणी गुंडाळून स्कूटरवरून शाळेंत जाणारी शिक्षिका, यांच्या डोळ्यांवरील काळ्या चष्म्यास कोणी हंसत नाहीं. हीच सवड उद्यां बांधावरच्या माणसाला मिळेल. परंतु तोपर्यंत विकत घेणाऱ्यानें घाट आणि काच यांत विवेक केला पाहिजे.

काच नुसतीच काळी असेल आणि अतिनील किरण अडवीत नसेल, तर ती उघड्या डोळ्यापेक्षांहि वाईट ठरूं शकते. अंधार झाला असें समजून डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि त्या रुंद झालेल्या दारांतून नको ते किरण अधिकच आंत शिरतात. चारशें नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात या अर्थाची 'यूव्ही ४००' अशी चिठ्ठी काचेवर असते. पण चिठ्ठी कोणासहि चिकटवितां येते. चांगल्या चष्मेवाल्याजवळ तें मोजण्याचें लहानसें यंत्र असतें, आणि काच त्याखालीं धरून पाहण्यास क्षणभरहि लागत नाहीं. दुपारच्या उन्हाला शेंकडा आठ ते अठरा इतका प्रकाश आंत सोडणारी काच पुरते. त्याहून काळी काच लावून वाहन हांकणें धोक्याचें. चकाकणाऱ्या डांबरी रस्त्यावर ध्रुवित काचेचा, म्हणजे ज्याला लोक 'पोलरॉइड' म्हणतात त्या चष्म्याचा चांगला उपयोग होतो. ज्याला नंबर आहे त्यानें काळ्या काचेंतहि तो बसवून घ्यावा. सूर्यग्रहण मात्र यांपैकीं कोणत्याहि चष्म्यांतून पाहूं नये.

घाटाच्या बाबतींत इतिहास थोडा उपयोगी पडेल. वैमानिकाच्या चष्म्याची काच मोठी आहे ती त्याला खालीं पाहावें लागे म्हणून. वाटेनें नजर ठेवून चालणाऱ्यास ती आजहि सोयीची. लहान वाटोळ्या काचा चेहऱ्याला शोभतात, पण वरून आणि बाजूंनीं ऊन आंत येऊं देतात. ज्याला त्याच हव्या असतील त्यानें त्यांच्यावर टोपीची कड, ओढणी किंवा मुंडासें पुढें ओढून घ्यावें. वरून येणारें ऊन अडविण्याचें काम तें वस्त्र अजूनहि कांचेपेक्षां चांगलें करितें. माळावरच्या लोकांना हें फार पूर्वींपासून ठाऊक आहे.