साइड स्टेप: पायरी आणि तिचा टेकू

स्कॉर्पिओ-एन आणि एक्सयूव्ही ७०० या दोन्ही गाड्या महिंद्राच्या चाकण कारखान्यातल्या. दोघींच्या साइड स्टेप मात्र दुकानात एकाच भिंतीवर टांगलेल्या, आणि गिऱ्हाईक चकाकी पाहून बोट दाखवतं. खरी निवड गाडीखाली वाकून करायची असते.

स्कॉर्पिओ-एनला शिडीसारखी स्वतंत्र चेसिस आहे. पायरी धरणाऱ्या ब्रॅकेटला तिथे जाड पोलादाचा टेकू मिळतो. एक्सयूव्ही ७०० मध्ये बॉडी हाच सांगाडा, त्यामुळे भार दाराखालच्या पत्र्याच्या घडीवर येतो. टाटांच्या सफारीत तर हा फरक एकाच नावात दडला आहे: १९९८ ची सफारी चेसिसवर उभी होती, २०२१ ची नाही. ‘सफारीची स्टेप द्या’ म्हणून भागत नाही, साल सांगावं लागतं.

भार तरी किती? ८० किलोच्या माणसाने टेकूपासून २५ सेंटिमीटर बाहेर पाय ठेवला, की बोल्टांवर सुमारे २०० न्यूटन-मीटरचं आघूर्ण येतं. दणकन उतरला तर जवळपास दुप्पट. म्हणून पाइपाच्या जाडीआधी ब्रॅकेट मोजावेत, आणि ते कंपनीने ठेवलेल्या छिद्रांतच बसतात का ते पाहावं. नवं छिद्र म्हणजे गंजाला उघडं दार. जॅक लावायची जागा झाकली जाते का, हे बहुतेकांना पंक्चर झाल्यावरच कळतं.

उंचीचं गणित अवघड. दाराचा उंबरा जमिनीपासून ५४ सेंटिमीटर धरला, तर पायरी मध्यावर, २७ वर, हवी. तेवढी खाली आणली तर गतिरोधकाला घासते. ३५ वर ठेवली तर पहिली चढण घरातल्या जिन्याच्या दुप्पट उरते. तरी नऊवारीतल्या आजीला तेवढी मदतही पुष्कळ. उंच तरुणाला मात्र तीच पायरी आडवी येते आणि पावसाळ्यात पँटच्या पोटरीला चिखल फासते. घरात चढणारं कोण, हे आधी ठरवावं. गोल स्टील पाइप दिसतो देखणा, पण ओल्या चपलेखाली निसटतो. सपाट, खरबरीत पट्टी बरी.

ट्रकची गोष्ट निराळी. तिथे पायरी हौसेची नसते. केबिनकडे तोंड करून, दोन्ही हातांनी दांडे धरून ड्रायव्हर दिवसातून कितीदा तरी चढ-उतार करतो. चांगल्या पायरीला भोकं असतात, कडा दातेरी असतात; चिखल खाली गळून जातो. ती तुटली की काही जण चौकड्यांचा सलग पत्रा वेल्ड करून घेतात. पहिल्याच पावसात बुटाचा चिखल त्या चौकड्यांत बसतो आणि पत्रा गुळगुळीत होतो.